सध्या खेळतोय: शेत, जहाज आणि इडलीपात्र

मंगळवार

नानांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात, त्यामुळे तोवर ते आमच्याकडे पुण्यातच आहेत. दिवसभर घरात बसून त्यांना कंटाळा येतो. आज मी ऑफिसातून आलो, जेवलो आणि टीव्हीला जोडून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा व्हिडिओ गेम लावला, तर ते काठी टेकत येऊन शेजारी बसले.

'स्टारड्यू' मी दर पावसाळ्यात नव्याने सुरू करतो. आजोबांनी ठेवलेलं पडीक शेत नातवाच्या वाट्याला येतं. दगड, तण, ओंडके साफ करायचे, कुदळीने जमीन उकरायची, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं. वर्षात चार ऋतू आणि प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा. ऋतू बदलला की उभं पीक मरतं, म्हणून पेरणीचा हिशोब आधीच मांडावा लागतो. हा गेम एरिक बरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केला आणि तो 2016 साली आला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. वसंताचं संगीत लागलं की अजूनही मी दोन मिनिटं नुसता उभा राहतो.

नानांनी बराच वेळ काही न बोलता पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. "हे काय लावलंस?" पार्सनिप, गाजरासारखा एक कंद. "बी कितीला?" वीस. "विकतोस कितीला?" पस्तीस, चार दिवसांत तयार. "आणि फ्लॉवर?" ऐंशीचं बी, बारा दिवस, एकशे पंचाहत्तर. त्यांनी मनात हिशोब केला. गेममध्ये मी संध्याकाळी माल घरापाशी ठेवलेल्या पेटीत टाकला आणि झोपलो. सकाळी पैसे जमा. त्यावर ते एकदम सरसावून बसले.

"लिलाव नाही?"

"नाही नाना."

"उद्या तू शंभर फ्लॉवर आणलेस तर?"

"तरी भाव तोच."

"आवक वाढली तरी?"

"तरी तोच."

आमचं गाव निफाड तालुक्यात. नानांची सगळी हयात लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघण्यात गेली. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, आणि निर्यातीचा एखादा निर्णय झाला की तिसरा. त्यांना त्या पेटीचं जे आश्चर्य वाटलं ते मी कधी विसरणार नाही. आश्चर्य होतं, आणि थोडी हळहळही. बरोनच्या गावात बुजगावणं लागतं, कारण कावळे पीक खातात. वादळात वीज पडते, म्हणून शेतात वीजवाहक खांब लावावा लागतो. पण गारपीट नाही, व्यापारी नाही, हमाली-तोलाई कापलेली पट्टी नाही, आणि गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात ते कायम खरं ठरतं. शेतीतली काळजी बरोनने जवळजवळ सगळी बाहेर ठेवली आणि कष्ट तेवढे आत घेतले. कष्टही सुखाचे करून.

मी नानांना विचारलं, हे खोटं वाटतं का? ते म्हणाले, "नाही. सकाळी उठून तो आधी शेतात जातो, हे बरोबर दाखवलंय."

खरंच, गेममधला सगळ्यात चांगला क्षण तोच आहे. दार उघडायचं आणि काल जिथे नुसती ओली माती होती तिथे कोंब आलाय का ते बघायचं. मी तो क्षण इतकी वर्षं अनुभवतोय, पण त्याला नाव नानांनी दिलं.

झोपायला जाताना त्यांनी बजावलं की बुजगावणं एका कोपऱ्यात लावलंय, ते मधोमध घे.

बुधवार

काम फार. रात्री थोडाच वेळ मिळाला. बुजगावणं मधोमध घेतलं.

गुरुवार

आज 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. हा गेम 2018 चा, लुकास पोप याचा. तो अजून मी खेळलो नव्हतो, याचं कारण त्याची चित्रं. फक्त दोन रंग, काळा आणि पांढरा, मधली छटा ठिपक्यांनी भासवलेली, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर असायची तशी. दिवसभर पडदा बघून दमलेल्या डोळ्यांना त्रास होईल असं वाटायचं. अर्ध्या तासात डोळे सरावले आणि आता तर रंगांची आठवणही येत नाही.

साल 1807. ईस्ट इंडिया कंपनीचं 'ओब्रा डिन' हे व्यापारी जहाज 1802 मध्ये लंडनहून निघालं, ते केप ऑफ गुड होपला पोचलंच नाही. पाच वर्षांनी ते आपसूक वाहत इंग्लंडच्या किनाऱ्याला, फाल्मथला लागतं. वर जिवंत कुणीच नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं झालं काय, हे वहीत भरायचं. मदतीला एक खिशातलं घड्याळ. सांगाड्यापाशी उभं राहून ते उघडलं की आधी काळोखात आवाज ऐकू येतात: शेवटचे शब्द, पावलं, गोळी, लाटा. मग मरणाचा तो एक क्षण गोठून समोर उभा राहतो आणि आपण त्यात फिरायचं. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण पाठमोरं पळतंय.

गेम कुठे काही अधोरेखित करत नाही. एक यादी मिळते: नाव, हुद्दा, देश. एक चित्र मिळतं, सगळ्यांचे चेहरे काढलेलं. त्या चेहऱ्यांना नावं जोडायचं काम आपलं. ओळखायला पुरेसा पुरावा नजरेखालून जाईपर्यंत वहीतला चेहरा अस्पष्ट राहतो. आणि तीन माणसांचा निकाल बरोबर लागेपर्यंत वही काहीच कबूल करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे भरून भागत नाही.

आजची संध्याकाळ एका झोळीवर गेली. खलाशी झोपतात त्या मजल्यावर कापडी झोळ्या टांगलेल्या आहेत. मी त्या दृश्यात आधी येऊन गेलो होतो, पण तेव्हा सगळं लक्ष मेलेल्या माणसावर. आज परत गेलो आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली. प्रत्येक झोळीला एक बिल्ला आहे आणि त्यावर आकडा. तो आकडा म्हणजे यादीतला क्रमांक! झोळीत झोपलेल्याचा चेहरा दिसत नाही, पण एखाद्याचा पाय बाहेर लोंबतोय, पायात विशिष्ट बूट किंवा मोजा आहे. तोच बूट दुसऱ्या दृश्यात, डोलकाठीवर चढणाऱ्या माणसाच्या पायात. मी त्या पायाखाली उभा राहून वर बघितलं आणि माणूस सापडला. उठून खोलीत एक फेरी मारली, मग बसलो.

मला हल्ली असेच गेम हवे असतात. हाताचा वेग कमी झाला म्हणून नाही, तो अजून बरा आहे. ज्या गेममध्ये शेवटी आपली नजर बदलते तो मला मोलाचा वाटतो. ओब्रा डिनवर पहिल्यांदा फिरताना खलाशी म्हणजे नुसती गर्दी होती. आज त्यातला प्रत्येक जण मला पाठीवरून ओळखता येतो. कोण टोपी घालतो, कोण पाइप ओढतो, कोण कुणाच्या जवळ बसतो.

यादीत काही नावांपुढे देश म्हणून भारत लिहिलंय. त्यातले दोघे, सय्यद आणि रजब, प्रवासाच्या सुरुवातीलाच आजारपणात जातात. पोपने त्यांना दिलेली पहिली नावं सॉलोमन आणि रेनफ्रेड. ती मला पटली नाहीत. त्या काळी मुंबईहून किंवा कलकत्त्याहून जहाजावर चढलेल्या माणसाची अशी नावं असतील असं वाटत नाही. इतक्या काटेकोर गेममध्ये एवढं एकच ठिकाण मला ढिलं लागलं. पण ही माणसं तिथे आहेत हे अगदी बरोबर आहे. कंपनीच्या जहाजांवर परतीच्या प्रवासाला गोरे खलाशी कमी पडायचे. काही आजाराने मेलेले, काही पळून गेलेले, काहींना आरमाराने जबरदस्तीने नेलेलं. मग हिंदुस्थानी खलाशी घ्यायचे. एका सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली सगळी टोळी भरती व्हायची. लंडनला पोचल्यावर परतीचं जहाज मिळेपर्यंत त्यांचे हाल व्हायचे. आपल्याकडे तर जहाजंही बांधली जात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' 1817 सालचं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. जहाज टिकलं, त्याची नोंद आहे, त्यावर अभिमानाने लिहिलंही जातं. अशा जहाजांवर राबलेल्यांपैकी कितीकांची नावंही कागदावर आली नसतील.

म्हणून वहीत सय्यदचा चेहरा स्पष्ट झाला तेव्हा मी तो नीट बघून घेतला. गेमच्या हिशोबात कप्तानाचा निकाल आणि त्याचा निकाल यांना सारखंच वजन आहे. साठातला एक. दोघांनाही एकेकच ओळ. पोपला हे मुद्दाम करायचं होतं का ते त्याचं त्याला माहीत, मला मात्र याच एका गोष्टीसाठी हा गेम थोर वाटतो.

शुक्रवार

'राजी' संपवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, 2020 मध्ये आलेला. डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, राक्षसांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, आणि तिच्याकडे बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू.

मारामारी मला ठीकच वाटली. घाव बसला की नाही ते कळत नाही, आणि एकाच वेळी चार-पाच जण अंगावर आले की कॅमेरा दूर जातो. शेवटही तुटल्यासारखा येतो, गोष्ट अजून उरली आहे हे उघड दिसतं. पण भिंती! राजस्थानी महाल, झरोके, पाण्याची टाकी, आणि मधूनमधून भिंतीवरची चित्रं. चित्रासमोर थांबलं की देव त्याची कथा सांगतात. मी एकही चित्र सोडलं नाही. गोष्टीचे मधले प्रसंग छाया-बाहुल्यांतून दाखवलेत, तेही सुंदर. तुकडे फिरवून मंडल जुळवायची कोडी सोपी आहेत, पण जुळल्यावर राजीला भावाबरोबरचे जुने दिवस आठवतात, म्हणून ती हवीशी वाटतात.

आमच्या शहरातल्या माणसांनी हे केलंय याचा मला आनंद आहे, आणि त्यांनी पुढचा भाग करावा असं मनापासून वाटतं. फक्त मारामारी घट्ट करा.

रविवार

काल रात्री मी आणि सीमाने 'व्हेन्बा' एका बैठकीत पूर्ण केला. जेमतेम दीड तासाचा गेम आहे. 2023 मध्ये आलेला, टोरंटोच्या व्हिसाई गेम्सचा. 1988 साल, तमिळ जोडपं नुकतंच कॅनडात गेलेलं. बाई व्हेन्बा, नवरा पावलन, पुढे मुलगा कविन. आईने दिलेली पाककृतींची वही प्रवासात फाटलीय, डागाळलीय. काही ओळी गेल्यात. त्या आपण अंदाजाने भरून पदार्थ करायचा.

पहिलाच पदार्थ इडली. पीठ तयार आहे, पात्र आहे, ताटल्या आहेत, पण एकावर एक कशा लावायच्या ते वहीत नीट दिसत नाही. मी एका सरळ रेषेत लावायला गेलो, तोच सीमाने माझा हात धरला. "खालच्या वाटीच्या डोक्यावर वरची वाटी नाही आणायची. वाफ कुठून जाणार?" हे तिला कुणी शिकवलं तिलाही सांगता येईना. आईला बघून बघून आलेलं. गेमचं सगळं कोडं तेवढंच आहे, आणि ज्याने ते रचलं त्याने कुणाच्या तरी ओट्यापाशी बराच वेळ उभं राहून बघितलं असणार.

पुढे मुलगा मोठा होतो, शाळेत डबा लपवतो, घरात इंग्रजीत उत्तरं देतो. सीमाची मोठी बहीण कॅनडातच, मिसिसागाला असते. तिच्या घरी फोन केला की भाचा मराठीतला प्रश्न समजतो आणि इंग्रजीत उत्तर देतो, प्रेमाने, पण इंग्रजीतच. त्या प्रसंगांना सीमा एकदम गप्प झाली. आणि जिथे मोठा झालेला कविन आईची वही उघडतो आणि त्याला ती धड वाचता येत नाही, तिथे तिने कंट्रोलर माझ्याकडे दिला.

लोक म्हणतात गेम छोटा आहे. मला तो आहे तेवढाच ठीक वाटला. पदार्थ मात्र आणखी दोन-तीन चालले असते.

आज सकाळी चहा घेताना आम्ही दोघं अशी मराठी वही रचत बसलो. पुरणपोळी घ्यायची हे लगेच ठरलं, कारण त्यात क्रम चुकला की सगळंच बिघडतं. डाळ शिजवायची, पाणी काढून कटासाठी बाजूला ठेवायचं, मग गूळ, मग आटवणं, मग पुरणयंत्र. आता पान कुठे फाटलेलं दाखवायचं? मी म्हटलं, कटाचं पाणी काढायची ओळ. नवखा माणूस ते मोरीत ओतून देणार. सीमा म्हणाली, छे, ते कुणीही ओळखेल. फाडायची असेल तर पुरण झालं कधी ते सांगणारी ओळ फाड. किती मिनिटं हे कुठल्याच वहीत नसतं. पातेल्यात कालथा उभा करून हात सोडायचा. तो तसाच उभा राहिला की गॅस बंद.

नाना आतून म्हणाले, "आणि कणीक तेलात भिजत ठेवायची, ती ओळ राहिली तुमची."