शीट हलली तेव्हा

(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९९०)

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो प्रयोगशाळेमागचा कढीपत्ता.

डिसेंबर १९८७. आठवी ब कडे बागकाम होतं. साताऱ्याकडची थंडी, बोटं गारठलेली, आणि माझ्या वाट्याला पानं पुसायचं काम. (पानं कशाला पुसायची? साहेब तपासणीला येणार होते, म्हणून.) एका पानावर पक्ष्याची शीट होती, काळपट, मध्ये पांढरट पट्टा. फडकं लावलं तर ती चालायला लागली!

शिपाईमामा म्हणाले, "चिरडून टाक, झाड खाईल." पण शास्त्राच्या बाईंनी ती अळी डहाळीसकट काचेच्या बरणीत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि मला वहीत नोंदी करायला बसवलं. झाड कोणतं, तारीख, रंग, लांबी. 'नाव' पुढची जागा मात्र रिकामी. "ते शेवटी," बाई म्हणाल्या.

काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार झाली. पेन्सिलीने डिवचलं की डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर यायचं आणि उग्र वास सुटायचा. लिंबावरची लाइम बटरफ्लायची अळीही अशीच असते, तीही कढीपत्ता खाते. मला धीर कुठला! पेन्सिलीने 'लाइम' लिहून मोकळा झालो.

मग तिने कमरेला धागा घेऊन स्वतःला काडीशी बांधलं आणि कोश केला. एरवी दहा-बारा दिवसांचं काम, पण थंडीत कोश रेंगाळतो. संक्रांतीचा तिळगूळ संपला तरी हालचाल नाही. "मेली रे तुझी अळी," पोरं म्हणायची.

एके दिवशी प्रार्थनेआधी बघतो तर बरणीत काळं फुलपाखरू लटकलेलं. मागच्या पंखांना शेपट्या, पांढरे ठिपके, लाल डाग. लाइमला शेपट्या नसतात. आमच्या वर्गातल्या हुशाराने ग्रंथालयातलं पुस्तक आणून चित्र दाखवलं : कॉमन रोज नावाचं फुलपाखरू! हुबेहूब.

बाईंनी विचारलं, "रोजची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते. त्या वेलीतलं विष अंगात भिनतं, म्हणून पक्षी रोजच्या वाटेला जात नाहीत. तुझी काय खात होती?"

"कढीपत्ता."

"मग आता अंग बघ."

रोजचं अंग लाल असतं. हिचं काळं होतं. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी, विषारी रोजचं सोंग घेतलेली. लहानपणी शीट, मोठेपणी रोज. हिने खरा चेहरा म्हणून दाखवला नाही.

पंख वाळल्यावर बरणी उघडली. ती कंपाउंडवरून गेली.

नोंदवहीला ५ पैकी ४ गुण पडले. 'लाइम' मी खोडलं होतं, पण कागदावर छाप राहिली होती.