तुम्ही विचारलंत म्हणून: दहा इंच लिहिलेला बर्फ असतो तरी कुठे?

सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर, सिअ‍ॅटल इकडची मराठी मंडळी हिवाळ्यात स्कीइंग करून आली की हमखास विचारतात, "स्की रिसॉर्टच्या सकाळच्या बर्फाच्या रिपोर्टमध्ये तुम्ही १० इंच ताजा बर्फ लिहिता. आम्ही अंधारात उठून, पोरांना बूट चढवून वर पोचतो, तर घोटाही बुडत नाही. आकडा आणता कुठून? आणि लोक त्यावर तोंडाला येईल ते बोलतात, त्याचं काय करता?" प्रश्न दोन आहेत, पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. त्यामुळे आधी आकड्याचं सांगतो.

आकडा येतो एका फळीवरून. दीड-दोन फूट लांबी-रुंदीचा प्लायवुडचा चौरस तुकडा, पांढरा रंगवलेला, आणि इंचाच्या खुणा असलेली काठी. पांढराच रंग हवा, कारण गडद फळी ऊन शोषते आणि बर्फ खालून वितळायला लागतो. फळीची जागा निवडणं हे सगळ्यांत कठीण काम. जमीन सपाट हवी, चहूबाजूंनी झाडांचा आडोसा हवा, पण फांद्यांवरून घसरलेला बर्फ फळीवर पडेल इतकी जवळीक नको. कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या यंत्रांपासून लांब, स्की करणाऱ्यांच्या वाटेपासून लांब, छपरापासून लांब. अशी जागा डोंगराच्या मधल्या उंचीवर सापडते, शिखरावर जवळजवळ कधीच नाही, कारण शिखरावर वारा बर्फ टिकू देत नाही. म्हणजे पहिली गोष्ट ही, की रिपोर्टमधला आकडा डोंगराचा नसतो, त्या एका चौरसाचा असतो.

मुंबईकरांना हे समजावून सांगावं लागू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही आकडे खरे होते. डोंगरावर तर वीस-पंचवीस किलोमीटरही जावं लागत नाही, कड्याच्या अलीकडे आणि पलीकडे एवढ्यातच असा फरक पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. फळी झाडून साफ केली की मोजणी शून्यापासून सुरू होते. बहुतेक ठिकाणी दुपारी लिफ्ट (स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारे पाळणे) बंद होण्याच्या सुमाराला, तीन-चार वाजता, एक फळी साफ होते. पहाटे पाचला त्यावर जे दिसतं तो 'रात्रीत पडलेला' बर्फ. दुसरी फळी २४ तासांतून एकदाच साफ होते. तिसरी फक्त वादळ संपल्यावर. आणि चौथी काठी हंगामभर कुणी हात लावत नाही अशी, तिच्यावर एकूण साठलेली जाडी दिसते. हे चार आकडे वेगवेगळे असतात आणि वाचणारा बहुधा त्यांतला सगळ्यांत मोठा लक्षात ठेवतो.

ते वेगळे का असतात? बर्फ पडल्या क्षणापासून स्वतःच्या वजनानं खचायला लागतो. समजा दर सहा तासांनी फळी साफ केली आणि दरवेळी ३ इंच मिळाला, तर बेरीज १२. तीच फळी दिवसभर न साफ करता एकदाच वाचली, तर १० च्या आसपास निघेल. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा नियम आहे की फळी सहा तासांतून एकदाच साफ करायची, त्याहून जास्त वेळा नाही. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यूला २४ तासांत ७७ इंच नोंदला गेला होता, म्हणजे राष्ट्रीय विक्रमच. असे विक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीनं तो मान्य केला नाही, कारण २४ तासांत मोजणी जास्त वेळा झाली होती. बर्फ खोटा नव्हता, मोजणारा लबाड नव्हता, फक्त झाडू जास्त वेळा फिरला होता. विक्रम कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकच्या एप्रिल १९२१ मधल्या ७५.८ इंचांकडेच राहिला.

हंगामाच्या बेरजेचंही तेच. युटातल्या लिटल कॉटनवुड खोऱ्यात आल्टा या स्की रिसॉर्टला २०२२-२३ च्या हिवाळ्यात ९०३ इंच बर्फ पडला. ही रोजच्या नोंदींची बेरीज आहे. हंगामभराच्या काठीवरची जाडी तिच्या जवळपासही नव्हती आणि असूही शकत नाही. तरी दरवर्षी कुणीतरी काठीचा फोटो पाठवून उरलेल्या बर्फाचा हिशेब मागतं.

आता घोटा न बुडण्याचं कारण, कारण खरी तक्रार तिथली आहे. फळीवरच्या बर्फाचा गोल नळीनं नमुना काढून त्याचं वजन करतात, त्यावरून पाण्याचं प्रमाण कळतं. आल्टाच्या ताज्या बर्फात सरासरी ८ टक्क्यांच्या थोडं वर पाणी असतं. थंड, वारा नसलेल्या रात्री ते ५ टक्क्यांपर्यंत उतरतं, ओल्या वादळात १२ च्या पुढे जातं. दोन्ही दिवशी फळीवर १० इंचच दिसतात. पण ५ टक्क्यांच्या १० इंचांत पाणी अर्धाच इंच. इतका हलका बर्फ स्कीखाली दबून जातो आणि तुम्ही थेट कालच्या कडक थरावर आपटता. ओल्या १० इंचांवर स्की तरंगते, पण वळवताना मांड्या भरून येतात. म्हणून नुसते इंच लिहिणं अर्धवट आहे असं आमचं ठाम मत आहे. शेजारी पाण्याचा आकडा द्यावा, तो द्यायचा नसेल तर निदान 'हलका, खाली कडक थर जाणवेल' एवढं वाक्य तरी हवंच. या एका वाक्यानं जेवढ्या शिव्या टळतात तेवढ्या दुसऱ्या कशानंही टळत नाहीत.

मग वारा. कड्यावर रात्रभर ताशी ४० मैलांचा वारा वाहिला तर वाऱ्याकडची बाजू खरवडून निघते आणि तोच बर्फ पलीकडच्या कुशीत जाऊन बसतो. इकडे २ इंच, तिकडे २०. फळी मधल्या उंचीवर झाडांत, तिच्यावर १०. तिघंही खरं सांगत असतात. इथं एक मोह होतो, 'पलीकडच्या कुशीत गुडघाभर आहे' असं लिहायचा. तो टाळावाच लागतो. वाऱ्यानं साठवलेला तोच थर हिमस्खलनाला सगळ्यांत सोपा असतो, आणि स्की पॅट्रोलनं (डोंगरावरच्या सुरक्षा पथकानं) स्फोटकं टाकून उतार तपासल्याशिवाय तिकडे बोट दाखवणं म्हणजे माणसं तिकडे पाठवणं. रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडे त्याचा रिपोर्ट लागूच होत नाही, तिथला अंदाज युटा अ‍ॅव्हलांच सेंटरसारख्या संस्था देतात, तोच वाचायचा.

काम पहाटे चारच्या सुमाराला सुरू होतं. आधी काठीवर रोखलेला कॅमेरा, कारण त्याच्या काचेवर बर्फ चिकटला असेल तर कुणालातरी वर पाठवायला वेळ हवा. मग अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो वरून आवाजाची लहर सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी काढतो. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. उणे १५ अंश सेल्सियसला शून्य अंशांचा वेग धरला तर तीन मीटर अंतरात आठ-एक सेंटिमीटरची, म्हणजे तीन इंचांची चूक होते. त्यामुळे तापमानाची दुरुस्ती लागू आहे ना, हे बघावं लागतं. जोरदार हिमवर्षावात लहर वरच्या वर परतते आणि आकडा वेड्यासारखा उडतो. सेन्सर, कॅमेरा आणि प्रत्यक्ष फुटपट्टी यांत मतभेद झाला तर फुटपट्टीचं ऐकायचं.

त्यानंतर रात्रपाळीच्या ग्रूमर (उतारावरचा बर्फ सपाट करणारी यंत्रं) चालकांना फोन. रात्रभर डोंगरावर फिरलेली तीच माणसं, कुठं बर्फ उडून गेला आणि कुठं पायथ्याला पाऊस झाला हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मग पॅट्रोलकडून कुठल्या लिफ्ट उशिरा उघडणार, आणि रस्त्याची स्थिती. लिटल कॉटनवुडचा २१० क्रमांकाचा रस्ता हिमस्खलनाचा धोका कमी करण्याच्या कामासाठी बंद होतो, आणि तो बंद असेल तर १० इंच आहेत की २० याला काहीच अर्थ नाही. रस्त्याची ओळ म्हणून सर्वांत वर. 'उघडणार' आणि 'उघडण्याची अपेक्षा' हे दोन शब्दप्रयोग कधीही एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. पाचला रिपोर्ट जातो, त्यावर मोजणीची वेळ आणि फळीची उंची छापलेली असते. सातला आणि लिफ्ट सुरू होताना तो सुधारायचा.

चुका कुठं होतात तेही सांगतो. २ च्या जागी १२ टाइप होतं. इंचाच्या रकान्यात सेंटिमीटर जातात. दुसऱ्याच्या अ‍ॅपवर कालचाच आकडा राहतो. आणि सगळ्यांत वाईट चूक, अर्ध्या इंचाचा एक करणं. एका दिवशी ती कुणाला दिसत नाही, पण हंगामाच्या बेरजेत ती साठत जाते. डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांचे आकडे सरकारी हवामान नोंदींशी ताडून पाहिले. शनिवार-रविवारी रिसॉर्टांनी सांगितलेला ताजा बर्फ इतर दिवसांपेक्षा १२ ते २३ टक्क्यांनी जास्त निघाला, सरकारी नोंदींत असा फरक नव्हता. लोकांना फोनवरून तिथल्या तिथं खरी स्थिती कळवता येऊ लागली, तशी ही फुगवाफुगवी कमी झाली. म्हणून 'तुम्ही थापा मारता' हे ऐकून आम्ही दुखावल्याचा आव आणत नाही. या धंद्यावर हा संशय लोकांनी उगाच घेतलेला नाही.

आता शिव्यांकडे येऊ. नमुन्यादाखल एक घ्या: "१४ इंच? लाज वाटत नाही? ४ पण नव्हता. खोटं बोलायचा पगार मिळतो का?" यातली तीन वाक्यं राग आहेत आणि एक मोजणी आहे. '४ पण नव्हता'. उत्तर द्यायचं ते त्या वाक्याला. "१४ इंच ही मधल्या उंचीवरच्या फळीची पहाटे ५ ची नोंद आहे, फोटो सोबत. रात्री कड्यावर वायव्येचा वारा ताशी ४५ मैलांपर्यंत होता, त्यामुळे वरचे उघडे उतार खरवडले गेले. हे सकाळच्या रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं, आता लिहिलं आहे. तुम्ही कुठल्या लिफ्टवर आणि किती वाजता होता?" एवढंच. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य मुळीच नको, कारण ते वाचून माणूस आणखी चिडतो आणि त्याचं चिडणं योग्यच असतं. त्याला बर्फाबद्दल उत्तर हवं असतं.

चूक आपली असेल तर जुना आकडा गुपचूप पुसायचा नाही. तो खोडलेला दिसू द्यायचा, शेजारी नवा, आणि दुरुस्तीची वेळ. पुसलेला आकडा कुणाच्या तरी फोनमध्ये आधीच साठवलेला असतो, आणि मग चुकीची लबाडी होते.

उत्तर एकदाच. पुन्हा शिवी आली तर फोन नंबर द्यायचा आणि थांबायचं. फोनवर बहुतेक माणसं वेगळीच असतात. सुट्टी, गाडीभाडं, पास, पोरांचा हट्ट असं सगळं त्या चार इंचांवर अडकलेलं असतं. धमकी, किंवा एखाद्या लिफ्टवाल्या पोराचं नाव घेऊन केलेली घाण मात्र नोंदवून ठेवून काढून टाकायची, त्यावर चर्चा नाही. आणि पहाटे रिपोर्ट लिहिणाऱ्यानंच संध्याकाळी शिव्या वाचत बसू नये, ते काम दुसऱ्याकडे असावं. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो भीतीनं कमी लिहायला लागतो. नऊचे सात करणं हेही खोटंच. ते वाचून कुणीतरी घरी राहतं आणि मग त्याची शिवी येते, तीही रास्त.

प्रत्येक तक्रार एका वहीत जाते: तारीख, लिफ्ट, वेळ, वारा, पाण्याचं प्रमाण. महिन्याभरात आकृती दिसायला लागते. एकाच लिफ्टच्या माथ्यावरून वाऱ्याच्या दिवशीच तक्रारी येत असतील तर माणसं खोटारडी नाहीत, तिथं दुसरी काठी रोवायला हवी.

तेव्हा पुढच्या वेळी रागावलात तर जरूर लिहा, पण आधी एक करा. काठीवर टोकापासून दर दोन इंचांना रंगीत पट्टी चिकटवून ठेवा. न तुडवलेल्या जागी, झाडापासून दूर, निदान तीन ठिकाणी ती हलकेच टोचा आणि जुना कडक थर लागला की थांबा. तिन्ही आकडे, लिफ्टचं नाव, उताराची दिशा आणि वेळ पाठवा. सकाळी दहाच्या आत पाठवलंत तर उत्तम, कारण त्यानंतर जे मोजाल ते शेकडो स्कींनी दाबलेलं असेल.