आपल्या जिल्ह्याला नेमके किती आले?

"तुम्ही जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होतात ना, मग एका आकड्यात सांगा, सरकार आपल्या जिल्ह्याला किती पैसा देतं?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही हा प्रश्न मला गाठतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा तयारच असतं: सगळं पश्चिम महाराष्ट्रानं नेलं. मी मराठवाड्यातला, मान डोलावून मोकळं होणं मला सोपं आहे. पण नोकरीभर बिलं तपासत बसलेल्या माणसाचं एवढ्यावर भागत नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेपरात जो आकडा येतो, "जिल्ह्याच्या इतक्या कोटींच्या आराखड्याला मंजुरी", तो जिल्हा वार्षिक योजनेचा असतो. त्याला सूत्र आहे. लोकसंख्या, भौगोलिक क्षेत्र, मानव विकास निर्देशांक असे निकष लावून प्रत्येक जिल्ह्याची कमाल नियतव्यय मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती रक्कम द्यायची ते, ठरते. मग जानेवारी-फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांकडे विभागवार बैठका होतात. तिथं पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी वाढीव मागणी मांडतात आणि मर्यादेच्या वर काहीतरी पदरात पाडून घेतात. म्हणजे सूत्र पाया घालतं, वरचा मजला बैठकीत चढतो. कुणाचा किती चढेल हे कुठल्या सूत्रात लिहिलेलं नाही.

पण हा सगळा खेळ कितीचा? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यभरातल्या जिल्हा वार्षिक योजनांना मिळून 'सर्वसाधारण' घटकाखाली २०,१६५ कोटी रुपये ठेवले होते. राज्याचा एकूण खर्च होता सुमारे ७ लाख कोटी. शंभरातले तीन रुपयेसुद्धा होत नाहीत. पगार, पेन्शन, व्याज वगैरे महसुली खर्च बाजूला काढला तरी भांडवली, म्हणजे मालमत्ता उभारण्याच्या खर्चाचा, रकाना ९३ हजार कोटींच्या घरात राहतो. ज्या पैशाच्या वाटपाला सूत्र आहे तो थोडा, आणि ज्याला नाही तो बख्खळ, हे आधी ध्यानात घ्या.

आता भांडवली म्हणजे काय ते. गावातल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ३०५४, ५०५४, २५१५ हे आकडे तुम्ही ऐकले असतील. "पंचवीस-पंधरामधून सभामंडप आणला" असं फ्लेक्सवरही असतं. ही लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाचे रकाने. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर खर्च महसुली, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. म्हणजे ५०५४ मधून झालेला इतर जिल्हा मार्ग भांडवली खर्चात जातो, आणि ३०५४ मधून झालेला ग्रामीण रस्ता महसुलीत. तुमचा सभामंडप सिमेंट-सळईचा असला तरी हिशेबात तो महसुली. जिल्हा परिषदेच्या शाळेची वर्गखोली, अंगणवाडीची इमारत यांचंही तेच. मालमत्ता राज्याची होत नाही, राज्य फक्त अनुदान देतं, म्हणून ते महसुली खर्चात धरलं जातं.

उलटा गोंधळ मोठ्या पैशाचा. धरणांसाठी सरकार पाटबंधारे महामंडळांना भागभांडवल देतं. ती नोंद भांडवली खरी, पण पैसा जातो महामंडळाला. कालवा कुठल्या तालुक्यातून जाणार हे त्या नोंदीत दिसत नाही. तेव्हा कुणी जिल्हानिहाय भांडवली खर्चाचा तक्ता तोंडावर फेकला तर मी आधी विचारतो, यात महामंडळं धरलीत का आणि जिल्हा परिषदेची अनुदानं कुठं टाकलीत? बहुतेकदा पुढं शांतता असते.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत एक जाड पुस्तिका वाटतात. आमदार तिच्यात आपल्या मतदारसंघाची पानं शोधतात, पत्रकार एकूण रक्कम. मी एकच रकाना बघायचो: दायित्व. आधी मंजूर केलेल्या पण अजून पैसे न दिलेल्या कामांचं देणं. समजा एका शीर्षाखाली १० कोटींची तरतूद आहे आणि दायित्व ६ कोटींचं. मग नव्या कामांना उरले ४ कोटी. नियमानं या उरलेल्या रकमेच्या दीडपट, म्हणजे ६ कोटींच्या कामांना प्रशासकीय मान्यता देता येते, कारण सगळी कामं एका वर्षात पुरी होत नाहीत. जुनं-नवं मिळून देणं १२ कोटी, त्यातले १० फिटले की पुढच्या वर्षी दायित्व २ कोटींवर येतं. तरतूद तेवढीच राहिली, पूर्ण हातात आली आणि नियम काटेकोर पाळला, तर दायित्व फिरून फिरून तरतुदीच्या एक तृतीयांशावर स्थिरावतं. गणित साधं आहे, कागदावर करून बघा.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण दोन्हीकडून गळती असते. मंत्रालय स्तरावरून मंजूर होणाऱ्या कामांना हा दीडपटीचा लगाम नसतो. अधिवेशनात नाममात्र तरतूद दाखवून काम अर्थसंकल्पात घुसवलं की त्याचा नारळ फुटतो, आणि पैसे पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मंजूर होणाऱ्या जादा तरतुदींच्या, भरवशावर. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ५५,५२० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, पुढच्या डिसेंबरला ३३,७८८ कोटींच्या. मार्चमध्ये मांडलेला अर्थसंकल्प आणि वर्षाअखेरीला झालेला खर्च यांची ओळखही पटत नाही ती अशी. दुसरी गळती तरतूद हातात न येण्याची. मे २०२० मध्ये कोरोनामुळे विकासकामांचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला गेला आणि नव्या कामांना मनाई झाली. त्या वर्षीची देणी पुढच्या तरतुदींच्या बोकांडी बसली. कंत्राटदार टेबलासमोर येऊन विचारायचे, "साहेब, बीम्सवर निधी दिसतोय का?" बीम्स म्हणजे निधी वाटपाची सरकारी संगणक प्रणाली. तिच्यावर तो दिसत नसायचा.

आता माणसांचं. नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. यादीत कुठलं काम राहणार आणि कुठलं गळणार यात पालकमंत्र्यांचा शब्द शेवटचा. जुलै २०२२ मध्ये सरकार बदलल्या बदल्या, १ एप्रिलपासून जिल्हा योजनेत मंजूर झालेल्या कामांना स्थगिती मिळाली आणि नवे पालकमंत्री येऊन ठरवतील असं झालं. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदाच्या नेमणुका जाहीर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी थांबवाव्या लागल्या. एवढी ओढाताण कशासाठी, असं तुम्हाला वाटलं असेल. ती त्या यादीसाठी. स्मशानभूमीचं शेड, क वर्ग यात्रास्थळाचा रस्ता, ट्रान्सफॉर्मर. कामं किरकोळ दिसतात, पण निवडणुकीला हीच उपयोगी पडतात.

"मग अनुशेषाचं काय झालं? त्यासाठी समित्या होत्या ना?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. होत्या. १९५३ च्या नागपूर करारातच विदर्भ-मराठवाड्याला निधीचा न्याय्य वाटा द्यायचं ठरलं होतं. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची सोय झाली. प्रत्यक्ष मोजमाप झालं ते १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीकडून. १९८४ चा तो अहवाल आमच्यासारख्यांनी आवर्जून वाचावा असा आहे, कारण त्यात रडगाणं नाही, हिशेब आहे. सिंचन, रस्ते, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती रुपये लागतील ते मांडायचं, तो त्याचा अनुशेष. राज्याची बेरीज आली ३,१८६ कोटी. त्यात विदर्भ साधारण ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस. आणि उरलेले ३७ टक्के? ते उर्वरित महाराष्ट्राचे! आमच्याकडच्या भाषणांत हा तिसरा आकडा कधी येत नाही. "पश्चिम महाराष्ट्रानं नेलं" म्हणताना कोकणही त्याच पारड्यात टाकलं जातं, आणि दुष्काळी तालुकेसुद्धा.

समितीनं योजनेतला ८५ टक्के निधी अनुशेष भरायला वापरावा असं सुचवलं. सरकारनं तो अहवाल रीतसर स्वीकारलाच नाही. विकास मंडळं आली ती थेट १ मे १९९४ ला, विधिमंडळाच्या ठरावानंतर जवळपास दहा वर्षांनी. तोवर भाव कुठल्या कुठं गेले होते. निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली तेव्हा अनुशेष १४ हजार कोटींच्या आसपास निघाला. अनुशेष रुपयांत मोजला की तो पळत राहतो. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेवरचं गोसीखुर्द बघा. १९८३ मध्ये मान्यता ३७२ कोटींची, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि पुढं सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर. दरवर्षी थोडा थोडा पैसा देऊन धरण बांधलं की असंच होतं. वाटा मिळाला असं कागदावर म्हणता येतं, पाणी मात्र शेतात नसतं.

त्याच काळात दुसरीकडं काय चाललं होतं? कृष्णेच्या पाण्याचं राज्याराज्यांत लवादानं केलेलं वाटप ३१ मे २००० नंतर फेरविचाराला येणार होतं. महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी तोवर अडवलं नाही तर हक्क जाईल, ही भीती होती. म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, बाजारात रोखे विकून कर्ज उभारलं आणि धरणांचा धडाका लावला. हा पैसा जिल्हा योजनेच्या सूत्रात बसणारा नव्हता. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, लवादाची तारीख खरी होती. पण एका खोऱ्याला घाई लागली आणि बाकीची खोरी रांगेत थांबली, हेही तितकंच खरं. विदर्भाचं महामंडळ त्यानंतर आलं, आमचं गोदावरी मराठवाडा महामंडळ १९९८ मध्ये.

समृद्धी महामार्गाचंही तसंच. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, हजारो कोटी, आणि त्यातल्या एकाही जिल्ह्याच्या नियोजन समितीच्या पुस्तिकेत तो नाही. रस्ते विकास महामंडळाचं काम ते.

हे सगळं बघून माझं एक मत झालं आहे आणि ते आमच्याकडं फारसं कुणाला आवडत नाही. पैसा जिल्ह्यांना वाटला जात नाही, तो तयार कामांच्या मागं जातो. आणि कामं तयार असतात ती, जिथं आधी पैसा जाऊन गेलाय तिथं. तयार काम म्हणजे सर्वेक्षण झालेलं, जमीन ताब्यात आलेली, वन विभागाची परवानगी हातात असलेली, तांत्रिक मान्यता मिळालेली फाईल. फेब्रुवारीच्या शेवटी वरून फोन येतो, अमुक विभागाचा निधी शिल्लक आहे, पुनर्विनियोजनात देता येईल, कामं पाठवा. संध्याकाळपर्यंत. ज्या जिल्ह्यात उपअभियंता जागेवर आहे, अंदाजपत्रक चालू दरसूचीनुसार केलेलं आहे, तो पाठवतो. आमच्याकडं उपअभियंत्याकडं शेजारच्या उपविभागाचाही अतिरिक्त कार्यभार असायचा. एका पुलाचं अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवरचं म्हणून परत आलं, ते नव्यानं करायला शाखा अभियंताच नव्हता, आणि निधी दुसऱ्या जिल्ह्यात गेला. पूल पुढं झाला, पण त्या वर्षी नाही. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. मागास जिल्ह्यातली नेमणूक म्हणजे शिक्षा समजून लोक आल्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागतात, आणि रिकाम्या खुर्च्या अंदाजपत्रक करत नाहीत.

म्हणूनच मोठमोठ्या पॅकेजांनी मी हुरळून जात नाही. छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली की मराठवाड्यासाठी आकडा जाहीर होतो. २०१६ मध्ये सुमारे ४९ हजार कोटी, २०२३ मध्ये सुमारे ५९ हजार कोटी. पॅकेज नावाचं लेखाशीर्ष अस्तित्वात नाही. त्यात आधीच चालू असलेली कामं किती, अर्थसंकल्पात तरतूद झाली किती, हे शोधायचं तर विभागवार मागण्यांची पुस्तकं चाळावी लागतात. ते कोण करणार?

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळांच्या हातात खर्चाचे अधिकार नव्हते, हे खरं. पण कुठल्या भागाच्या वाट्याला किती आणि प्रत्यक्षात खर्च किती, हे दरवर्षी कुणीतरी राज्यपालांपुढं मांडत होतं. विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरायला सांगितलं, आणि मला ते पटतं. जिल्ह्याच्या सरासरीत एक बागायती तालुका तीन कोरडवाहू तालुक्यांना झाकून टाकतो. आमच्याच जिल्ह्यात नदीकाठचा ऊस आणि डोंगरपट्ट्यातला टँकर एकाच आकड्यात मोजला जातो.

तर एका आकड्यात उत्तर नाही माझ्याकडं. पण खरंच जाणून घ्यायचं असेल तर "किती आले" ऐवजी तीन गोष्टी विचारा. जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन विचारा, शीर्षनिहाय दायित्व किती आहे. बांधकाम विभागात विचारा, किती कामांना तांत्रिक मान्यता घेऊन ठेवली आहे. आणि मंजूर पदांपैकी किती अभियंते जागेवर आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. मागच्या महिन्यात एका भाच्याला हेच सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, एवढं कोण करत बसणार, तुम्हीच अंदाजे सांगा ना."