टर्न 3 दिसणार नाही: ठाण्याहून सिंगापूर ग्रांप्रीला जाणाऱ्यांसाठी

सिंगापूरच्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत झोन 4च्या वॉकअबाउट तिकिटावर (ठरलेली खुर्ची नाही, त्या भागात उभं राहून बघायचं) टर्न 1, 2 आणि 3, म्हणजे सुरुवातीची तीन वळणं, दिसत नाहीत. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण तिकीट काढण्याआधी हे एक वाक्य दोनदा वाचा. नौपाड्यातल्या एजंटाने नकाशावर बोट ठेवून 'इथे उभे राहा, पहिल्या वळणापासून सगळं दिसतं' असं सांगितलं होतं. ते बोट होतं झोन 4मधल्या पदांग मैदानावर. टर्न 3 तिथून किलोमीटरभराहून लांब, आणि मध्ये मरिना भागातले मॉल नि हॉटेलं. सर्किटचा नकाशा दहा मिनिटं नीट पाहिला असता तर हे तिथेच कळलं असतं.

आणि 2025ला बघायचं होतं ते नेमकं तिथेच घडलं. 5 ऑक्टोबर 2025, रविवार, स्थानिक वेळ रात्री आठ. मर्सिडीजचा रसेल पोलवर, म्हणजे सुटताना सगळ्यात पुढे, शेजारी रेड बुलचा वेरस्टापेन, तिसरा पियास्त्री, पाचवा नॉरिस. हे शेवटचे दोघे मॅक्लारेनचे आणि विजेतेपदासाठी एकमेकांशीच भिडलेले. सुरुवातीचे लाल दिवे विझल्यानंतर काही सेकंदांतच नॉरिस टर्न 3ला आतून घुसला. त्याच्या पुढच्या पंखाचा कोपरा वेरस्टापेनच्या मागच्या चाकाला लागला, गाडी घसरली आणि बाहेरून जाणाऱ्या पियास्त्रीवर, म्हणजे स्वतःच्याच संघाच्या गाडीवर, आदळली. स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, नोंद घेतली, चौकशी लावली नाही. नॉरिस तिसरा आला, पियास्त्री चौथा. वर्षभर ज्या भांडणाची वाट बघितली ते पदांगवर ओल्या गवतात उभं राहून पडद्यावर पाहायला मिळालं, घरच्यापेक्षा लहान पडद्यावर, कारण पुढे उंच माणसं. गाड्या पदांगसमोर आल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

शुक्रवारीही तेच. दुसऱ्या सरावात फेरारीने लेक्लेरला पिटमधून (टायर बदलायला गाड्या थांबतात ती जागा) घाईने सोडलं आणि तो शेजारून जाणाऱ्या नॉरिसला धडकला. फेरारीला 10,000 युरो दंड झाला. पिट लेनसुद्धा टर्न 3सारखीच झोन 1मध्ये. रसेलची गाडी टर्न 16ला भिंतीत गेली तीही झोन 4मधून दिसत नाही. पदांगवरून काय दिसतं? सेंट अँड्र्यूज रोडवरून धावणाऱ्या गाड्या. कुंपण आणि डोकी यांच्या फटीतून एक गाडी जेमतेम सेकंदभर दिसते. लॅप, म्हणजे सर्किटच्या फेऱ्या, 62, तेव्हा अख्ख्या रेसमध्ये एका गाडीचं एकूण दर्शन मिनिटभर. लालबागच्या मुखदर्शनाला याहून जास्त वेळ मिळतो.

धडका टर्न 3लाच का होतात, हे कळलं की जागा निवडणं सोपं जातं. टर्न 1 डावीकडे, टर्न 2 उजवीकडे, टर्न 3 पुन्हा डावीकडे आणि जवळजवळ हेअरपिनसारखं घट्ट. टर्न 1ला जो आत असतो तो टर्न 2ला बाहेर पडतो आणि टर्न 3ला पुन्हा आत येतो. त्यामुळे आतल्या गाडीला वाटतं वळण आपलं, बाहेरच्याला वाटतं आपण पुढे आहोत. 2025पर्यंतची गाडी 2 मीटर रुंद होती. दोघं शेजारी शेजारी वळले की बाहेरच्याच्या उजवीकडे उरते फक्त काँक्रीटची भिंत. दुसऱ्या सर्किटवर असं झालं तर गाडी डांबराबाहेर जाऊन परत येते, इथे बाहेर असं काही नाहीच. पहिल्या लॅपला टायर आणि ब्रेक पुरते तापलेले नसतात. 2025ला तर रेसच्या आधी पाऊस झाला होता आणि डांबरावर ओले पट्टे राहिले होते.

हे एका वर्षापुरतं नाही. 16 सप्टेंबर 2018ला याच टर्न 3मधून बाहेर पडताना पेरेझने ओकोंला भिंतीत दाबलं. तेही एकाच संघाचे, फोर्स इंडियाचे. विजय मल्ल्यांच्या हातून गेलेली फोर्स इंडिया तेव्हा जेमतेम महिनाभर आधी नव्या मालकांनी वाचवली होती, जुने गुण शून्यावर गेले होते, आणि गाड्या गुलाबी होत्या कारण पाणी शुद्ध करणाऱ्या बीडब्ल्यूटी कंपनीचे पैसे होते. एकेक गुण मोजून मिळवायचा असताना पहिल्याच लॅपला एक गाडी गेली. या दोघांची आदल्या वर्षी बाकूला आणि स्पाला टक्कर झालीच होती. 2017ला तर वेरस्टापेन आणि दोन्ही फेरारी टर्न 1च्या आधीच एकमेकांत अडकल्या. फेरारीचा वेटेल निसटलासा वाटला आणि टर्न 3 संपताच आपल्याच फुटलेल्या रेडिएटरच्या पाण्यावर घसरून भिंतीला लागला. पाचव्या क्रमांकावरून सुटलेला हॅमिल्टन जिंकला आणि चॅम्पियनशिपमध्ये 28 गुणांनी पुढे गेला. 2008 ते 2023 प्रत्येक रेसला इथे निदान एकदा तरी सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणारी गाडी) आली. पहिल्यांदा ती आली नाही 2024ला.

तर सल्ला साधा. धडकाधडकी बघायची असेल तर टर्न 1 ते 3 डोळ्यासमोर येतील अशा स्टँडचं क्रमांकाचं तिकीट. तेवढे पैसे नसतील तर प्रीमियर वॉकअबाउट, त्यावर चारही झोनमध्ये फिरता येतं. पण सगळीकडे जाता येतं म्हणजे सगळीकडे उभं राहायला जागा मिळते असं नाही. कुंपणाजवळचे उंच कठडे संध्याकाळी लवकरच भरतात. झोन 1 ते झोन 4 जायला पादचारी पूल चढउतार धरून अर्धा तास लागतो, म्हणून रेसच्या मध्यात जागा बदलायचा विचार सोडून द्या. झोन 4चंच तिकीट हातात आलं असेल तर पदांगवर थांबू नका, अँडरसन पुलाच्या बाजूला जा. तिथे रस्ता अरुंद आहे, टर्न 13ला गाड्या अगदी हळू होतात, फोटो बरे येतात आणि ब्रेक मारल्यावर इंजिनचा गुरगुराट पोटात जाणवतो. या तिकिटातली पैसे वसूल होण्यासारखी जागा ती एकच.

जुन्या क्रॅशगेटची, म्हणजे मुद्दाम घडवलेल्या अपघाताच्या प्रकरणाची, जागा बघायला मिळेल असंही त्या एजंटाने सांगितलं होतं. ती जागा आता नाही. 2008च्या पहिल्याच रेसला रेनॉच्या पिके ज्युनियरने चौदाव्या लॅपला टर्न 17ला मुद्दाम गाडी भिंतीत घातली, त्यामुळे आलेल्या सेफ्टी कारचा फायदा संघसोबती अलोन्सोला झाला आणि पंधराव्या क्रमांकावरून सुटूनही तो जिंकला. 2023ला जुने 16 ते 19 हे टर्न काढून तिथे सरळ पट्टा केला. 23 वळणांची 19 झाली, लांबी 5.063 किमीवरून 4.94 किमी.

प्रायोजकांचा हिशेबही इथे नीट समजतो. दोन सोबत्यांची टक्कर संघाला एवढी का झोंबते? बक्षिसाची रक्कम ठरते संघांच्या क्रमवारीवरून, ड्रायव्हरांच्या नाही. मॅक्लारेनने त्याच रात्री सहा रेस बाकी असताना संघांचं दहावं विजेतेपद पक्कं केलं, म्हणून टर्न 3चं प्रकरण घरगुती भांडण ठरलं. हीच टक्कर दोन्ही गाड्या बाहेर काढून गेली असती तर त्या रात्री जल्लोष झाला असता का, शंका आहे. मॅक्लारेनचे 'पपया रूल्स' (पपई हा त्यांच्या गाड्यांचा रंग) म्हणजे भांडा, पण एकमेकांना लागू नका. या नियमांना कागदावर धार आहे, टर्न 3ला नाही. बिचाऱ्या पपईचं नाव उगाच खराब. प्रायोजक टकरीला फारसे घाबरत नाहीत, तुटका पंख आणि त्यावरचं नाव दिवसभर टीव्हीवर फिरतं. घाबरतात ते लबाडीला. क्रॅशगेट उघड झाल्यावर सप्टेंबर 2009मध्ये रेनॉची मुख्य प्रायोजक बँक आयएनजी आणि स्पॅनिश विमा कंपनी मुतुआ माद्रिलेन्या दोघी तडकाफडकी करार मोडून गेल्या. टक्कर चालते, मुद्दाम केलेली चालत नाही. जाणाऱ्यांना यातून एवढंच घ्यायचं की रेसच्या आठवड्यात प्रायोजक शहरात प्रदर्शनाच्या गाड्या मांडतात आणि बघायला पैसे लागत नाहीत. सर्किटच्या आतल्या दुकानातून टोपी घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पपईच्या रंगाचा कोरा टी-शर्ट गोखले रोडवरून घ्या, तसंही पडद्यावर तुम्ही दिसणार नाही.

आता पैशाचं. व्हिसाची सरकारी फी 30 सिंगापूर डॉलर, ऑक्टोबर 2025च्या भावाने साधारण दोन हजार रुपये. भारतातून अर्ज साधारणपणे अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो, त्याचा मेहनताना तो घेणार, ते समजू शकतं. पण बिलात 'अरायव्हल कार्ड' म्हणून माणशी 1,500 रुपयांची ओळ होती. एसजी अरायव्हल कार्ड फुकट आहे. सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर पोचण्याआधीच्या तीन दिवसांत स्वतः भरायचं, पासपोर्ट, विमानाचा नंबर आणि राहण्याचा पत्ता एवढंच लागतं, दहा मिनिटांचं काम. सहा जणांचे नऊ हजार असे गेले. ही ओळ बिलात दिसली की आधी ती खोडायला लावा, मग सही करा. नावात सरकारीपणा आणून पैसे मागणाऱ्या साइट्सही आहेत, तिथेही तेच.

हॉटेलं रेसच्या आठवड्यात महाग होतात, त्याला इलाज नाही. सीमेपलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला राहून रोज ये-जा करायचा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका. मलेशियाच्या बाजूने व्हिसा लागो न लागो, सिंगापूरचा व्हिसा मात्र अनेकदा प्रवेशाचा हवा, आणि मध्यरात्रीनंतर सीमेवरची रांग बघून रेसची सगळी मजा उतरते. फॅरर पार्क किंवा लिटल इंडियाच्या आसपास राहा. तिथे जेवणाचाही प्रश्न नाही. बाहेरचा खाऊ सर्किटच्या आत नेऊ देत नाहीत, चकल्यांचा डबा खोलीवरच ठेवा. खायचा तंबाखू, गुटखा, मावा, व्हेप हे सिंगापुरात आणायचंच नाही, तिथे ही गंमत नाही, गुन्हा आहे.

उकाडा ठाण्याच्या ऑक्टोबरसारखाच, फक्त समुद्राचा दमटपणा वरून. 2025ला या रेससाठी एफआयएने (मोटार शर्यतींची जागतिक संस्था) पहिल्यांदाच 'हीट हॅझर्ड', म्हणजे उकाड्याचा धोका, जाहीर केलं आणि ड्रायव्हरांना थंड पाण्याचे बनियन घालायची मुभा दिली. प्रेक्षकांना काही नाही. छत्रीऐवजी पातळ पोंचो, सवयीचे बूट, लहान मुलांसाठी कानावर घालायचे मफ. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चाल सहज होते. ज्यांना तलावपाळीच्या दोन फेऱ्यांनी दम लागतो त्यांनी स्टँडचंच तिकीट घ्यावं, वॉकअबाउट त्यांच्यासाठी नाही.

सगळ्यात वाईट तुकडा मात्र रेस संपल्यावरचा. पदांगवरून सगळा लोंढा सिटी हॉल स्टेशनकडे वळतो. कुंपणं लावून एकाच दिशेने माणसं सोडतात, मध्येच गेट बंद करतात, आणि अर्धा तास तुम्ही पावलाएवढ्या जागेत उभे. संध्याकाळी साडेसातला ठाण्याच्या पुलावर कर्जत गाडी लागली की जसं होतं तसं, फक्त शिस्तीत. गर्दीतली लहान मुलं रडकुंडीला येतात. सिटी हॉलला जाऊच नका. हिल स्ट्रीटच्या दिशेने बाहेर पडून क्लार्क कीपर्यंत चालत जा, पंधरा-वीस मिनिटं. तिथे जांभळी लाइन मिळते, धोबी घाट, लिटल इंडिया, फॅरर पार्क एकाच गाडीत, बदलायची गरज नाही. शेवटची गाडी किती वाजता ते रेसच्या दिवशी सकाळीच फलकावर बघून ठेवा, कॉन्सर्ट ऐकायला थांबणाऱ्यांनी तर नक्कीच.

येताना-जाताना काही विशेष नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी घोडबंदर रोडवरून टर्मिनल 2ला दोन तास धरावे लागले, झेंडूच्या टेम्पोंनी माजिवड्याला कोंडी केली होती. शनिवार छान गेला, सेंटोसा वगैरे.

2026ची रेस 9 ते 11 ऑक्टोबरला आहे आणि इथे पहिल्यांदाच स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस, होणार. शुक्रवारी एकच सराव आणि स्प्रिंटची पात्रता (सुटण्याचा क्रम ठरवणारी फेरी), शनिवारी 21 लॅपची स्प्रिंट आणि मग मुख्य पात्रता. म्हणजे टर्न 3ला रेसच्या सुरुवातीची झुंबड दोनदा बघायला मिळेल, शनिवारचं एक दिवसाचं तिकीटही आता घेण्यासारखं आहे. 2026पासून गाड्या 10 सेंटीमीटरने अरुंद आणि डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची सोय) नाही, त्यामुळे ओव्हरटेकच्या जागा बदलतील, जुन्या नकाशांवर विसंबू नका. आणि 11 तारखेचा रविवार घटस्थापनेचा आहे. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांनी तिकीट काढण्याआधी घरात बोलून ठेवा.