वाचनालयाचं कार्ड आणि कोल्हापूर: टाऊन हॉल ते खासबाग एक दिवसाचा फेरा

टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर वाचनालयाचं कार्ड पुढे करून हुज्जत घालायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे आधीच सांगतो: कोल्हापुरातल्या वाचनालयाच्या कार्डावर संग्रहालयाचं तिकीट माफ होत नाही. परदेशात काही शहरांत होतं. न्यूयॉर्कमध्ये २०१८ पासून ‘कल्चर पास’ आहे. तिथल्या तीन सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांपैकी कुठल्याही एकीचं कार्ड असलेला, तेरा किंवा त्याहून जास्त वयाचा वाचक त्यावर संग्रहालयाचा पास ऑनलाइन आरक्षित करू शकतो. मुलगा-सून तिकडे असतील आणि तुम्ही राहायला जाणार असाल, तर त्यांना आधीच कार्ड काढून ठेवायला सांगा. पास ठराविक तारखेचे आणि मोजके असतात, आयत्या वेळी हाती लागत नाहीत. एका पासवर किती जण आत जाणार, हेही संस्थेगणिक बदलतं.

कोल्हापुरात कार्डाचा उपयोग वेगळा आहे, आणि माझ्या मते कमी मोलाचा नाही. व्याख्यान, प्रदर्शन, ग्रंथोत्सव, मैफल अशा फुकट किंवा नाममात्र तिकिटाच्या गोष्टी शहरात सतत चालू असतात. अडचण एकच, की त्या आपल्याला नंतर कळतात. वाचनालयात आठवड्याला एकदा पुस्तक बदलायला जाणारा माणूस सूचना फलकासमोरून जातोच. शिवाय जे बघायला जायचं त्याबद्दल आधी चार पानं वाचलेली असतील, तर नाममात्र तिकिटात बघणंही दुप्पट होतं.

या गावाला वाचनालयांचा वारसा तसा जुना आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानं केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला.

सभासद होताना लागतं ते असं: छापील अर्ज, फोटो, आधार कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्यानं राहणाऱ्यांची गाडी इथंच अडते, कारण आधारवर गावाकडचा पत्ता असतो. भाडेकरार किंवा सध्याच्या पत्त्यावरचं बँकेचं पासबुक सोबत असू द्या. काही वाचनालयांत अर्जावर जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही लागते. पैसे तीन प्रकारचे असतात आणि त्यात गल्लत होते. प्रवेश फी एकदाच द्यायची, ती परत मिळत नाही. अनामत परत मिळते. वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची. एका वेळी एक पुस्तक न्यायचं, की दोन, की पुस्तक आणि मासिक, यावर सभासदत्वाचा वर्ग ठरतो आणि त्यावर अनामत. घरात दोघं वाचणारे असतील तर दोन स्वतंत्र कार्डांपेक्षा वरच्या वर्गाचं एकच कार्ड बहुधा स्वस्त पडतं. वर्गणी वर्षाची एकदम भरा. थकबाकी अनामतीतून वळती होत जाते आणि शेवटी परत घ्यायला काहीच उरत नाही.

सभासद नसलात तरी वर्तमानपत्रं वाचायला मुक्त वाचन विभागात बसता येतं. फलक तिथूनही वाचता येतो.

आम्ही फेऱ्यासाठी शुक्रवार निवडला. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी असते, त्यामुळे भाऊसिंगजी रोडवरून चालणंही जिकिरीचं होतं. नवरात्रात तर या भागात गाडी आणायचा विचारच करू नका. एरवीही गाडी दसरा चौकात किंवा बिंदू चौकात लावून पायी फिरणं सोयीचं. सकाळच्या सगळ्या जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

सुरुवात वाचनालयातूनच करा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी. संदर्भ विभागात कोल्हापूरचं गॅझेटिअर मागा. ब्रिटिश काळातलं १८८६ चं आहे, नंतरचं १९६० चं. दोन्ही इंग्रजीत आहेत. संदर्भाची पुस्तकं घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागतात. म्हणून वही-पेन न्या, आणि पानाचा फोटो काढायचा तर आधी ग्रंथपालांना विचारा. जुन्या पुस्तकांची बांधणी फोटोसाठी पान सपाट दाबताना तुटते, त्यामुळे नकार मिळाला तर राग धरू नका. पूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही. शेवटची शब्दसूची उघडा, ‘ब्रह्मपुरी’ या टेकडीचं नाव काढा, तेवढी पानं वाचा. दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलमध्ये नेमकं तेच समोर येणार आहे.

टाऊन हॉल सीपीआर रुग्णालयासमोर, बागेत. इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली, गॉथिक धाटणीची, वर निमुळते मनोरे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि पुढे ते या इमारतीत आलं. उघडतं साडेदहाच्या सुमारास, आणि साडेपाचच्या आत बाहेर पडावं लागतं. सुटे पैसे न्या. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का, हे तिकीट घेतानाच विचारून घ्या, आत गेल्यावर परत यावं लागतं. शाळेची सहल न्यायची असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र हवं, त्यात विद्यार्थी आणि शिक्षक यांची संख्या वेगवेगळी लिहिलेली असावी. सवलतीचा प्रश्न त्या पत्रावर सुटतो, ओळखपत्रांच्या ढिगावर नाही.

आत बहुतेक लोक आधी तलवारी-बंदुकांकडे वळतात. तसं करू नका. आधी ब्रह्मपुरीच्या वस्तूंसमोर जा. पंचगंगेच्या काठची ही टेकडी १९४५-४६ मध्ये शास्त्रशुद्ध खणली गेली आणि सातवाहनकाळच्या वस्तीचे थर उघडे पडले. ब्रह्मपुरीला सापडलेली कांस्याची पोसायडनची मूर्ती जरूर बघा. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. मूर्ती हातात मावेल एवढीच आहे, म्हणून नजरेतून निसटते. जवळ जाऊन एका बाजूनं बघा: शरीराचा भार एका पायावर आहे आणि त्यामुळे कंबर किंचित कललेली आहे. उभं राहण्याची ही ढब भूमध्य समुद्राकडची. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला रोमन व्यापाराचा माल घाट चढून इथवर येत होता, याचा हा हातात धरता येण्याजोगा पुरावा. तिथंच हत्तीवर बसलेल्या स्वारांचं कांस्यशिल्प आहे, ते इथल्या मातीतलं. दोन्ही लागोपाठ बघितली की फरक डोळ्यांत भरतो. काचेवर खिडकीचा उजेड पडून चकाकतं तेव्हा समोरून बघण्यापेक्षा बाजूला सरका. मुलं सोबत असतील तर त्यांना एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा. सगळी दालनं दाखवायच्या नादात मुलं कंटाळतात.

आबालाल रहमान यांच्यासह कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रंही इथंच आहेत, त्यांना वेळ राखून ठेवा. एकूण दीड तास धरा. बाहेरच्या बागेत तोफा मांडलेल्या आहेत आणि बसायला सावली आहे.

तिथून दसरा चौक चालत दहा मिनिटं. राजर्षी शाहू स्मारक भवनातल्या कलादालनात चित्रप्रदर्शनं भरतात, बहुतेकांना प्रवेश विनामूल्य असतो. वेळेची मेख इथं आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी उद्‌घाटनाची गडबड असते, आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर चित्रं उतरवायला सुरुवात होते. मधला दिवस गाठा. त्यातही दुपारी, म्हणजे चित्रकार स्वतः रिकामे भेटतात. कागद कुठला, रंग किती थरांत लावला, असे साधे प्रश्न विचारा. कोल्हापूरचे चित्रकार मोकळेपणानं बोलतात. नोंदवहीत अभिप्राय लिहिताना फोन नंबरही लिहिलात, तर पुढच्या प्रदर्शनाचं निमंत्रण मोबाईलवर येण्याची शक्यता असते. फलकाइतकाच हा मार्ग उपयोगाचा.

बाहेर आल्यावर लगेच निघू नका. चौकातच मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ या संस्था आहेत. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना जागा आणि मदत दिली, त्यातूनच हा चौक असा घडला. तिकीट नाही, मार्गदर्शक नाही. पण पुस्तकात वाचलेला शाहूकाळ इतका एका जागी उभा असलेला दुसरीकडे दिसणार नाही. ही चालती वसतिगृहं आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय आवारात शिरू नका.

दुपारी दोन वाटा आहेत. राजारामपुरी सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. मांडरे यांना सगळे सिनेनट म्हणून ओळखतात, पण ते तितकेच निष्ठावान चित्रकार होते. त्यांनी आपला ‘निसर्ग’ बंगला चित्रांसकट सरकारला दिला. त्यांची पावडर शेडिंगची चित्रं जवळून बघा: ब्रशाऐवजी रंगाची कोरडी पूड बोटानं घोळवून छटा उतरवलेली असते, त्यामुळे ढगांना आणि धुक्याला कडाच नसतात. जागा लहान आहे, पाऊण तास पुरतो. दसरा चौकातून रिक्षा किंवा केएमटीची शहर बस.

दुसरी वाट शिवाजी विद्यापीठातल्या वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयाची. शिरोड्याला शाळा चालवून खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. विद्यापीठाला सुट्टी असेल तर हे बंद, म्हणून शनिवार-रविवारच्या भरवशावर ठेवू नका. दोन्ही वाटा एका दुपारी जमवायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात. मुलं असतील तर मांडरे, वाचणारी मोठी माणसं असतील तर विद्यापीठ.

न्यू पॅलेसमधलं शाहू म्युझियम मी या फेऱ्यात धरलेलं नाही. त्याचं तिकीट यातल्या इतर जागांपेक्षा जास्त आहे, आत फोटो काढू देत नाहीत आणि बघायला अर्धा दिवस लागतो. दरबार हॉलच्या रंगीत काचांवरचे शिवचरित्राचे प्रसंग घाईत बघायचे नाहीत. त्यासाठी वेगळी सकाळ काढा.

संध्याकाळ कार्डाची. वाचनालयांची आणि इतर संस्थांची व्याख्यानं साधारण साडेपाच-सहाला सुरू होतात. पत्रिकेवर ‘सर्वांना प्रवेश’ आहे की ‘सभासदांसाठी’, हे नीट वाचा. पुढच्या एक-दोन रांगा निमंत्रितांच्या, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. ऐकूही येतं, आणि नंतर वक्त्याला गाठताही येतं.

गाण्याची आवड असेल तर खासबागेजवळ गायन समाज देवल क्लब आहे, १८८३ पासून चालत आलेला. मैफलींच्या पत्रिकांनाही वरचाच नियम. नाटकाचं मात्र ठिकाण तपासून घ्या. १९१५ सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं आणि तेव्हापासून प्रयोग इतर सभागृहांत विखुरले. तोंडी सांगितलेला पत्ता धरून जाऊ नका, तिकिटावरचं सभागृहाचं नाव वाचा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर असते तेव्हा अगदी थोड्या पैशांत रोज नवं नाटक बघायला मिळतं. त्या दिवसांत पुस्तक बदलायची फेरी वाढवा, वेळापत्रक फलकावर आहे का पाहा. शेजारचं खासबाग मैदान १९१२ चं, कुस्तीसाठी बांधलेलं. मैफलीला अवकाश असेल तर तिथं जाऊन मातीच्या हौद्याभोवतीची चढती बैठक बघून या. भेळही तिथंच मिळते.

वर्षातून एकदा होणारा जिल्हा ग्रंथोत्सव चुकवू नये. ग्रंथदिंडी सकाळी निघते, पुस्तकांवर सूट असते. शासकीय प्रकाशनांचा स्टॉल पहिल्याच दिवशी गाठा. जाडजूड संदर्भग्रंथ तिथं आश्चर्य वाटेल इतके स्वस्त मिळतात, आणि प्रती थोड्या असल्यानं दुसऱ्या दिवशी हवा तो खंड उरेलच असं नाही. कापडी पिशवी न्या.

अनामतीची पावती आधारच्या झेरॉक्ससोबत एका पाकिटात घालून ठेवा. गाव सोडताना रक्कम परत घ्यायची तर मूळ पावती, कार्ड आणि शेवटचं पुस्तक तिन्ही एकदम लागतात. अर्ज दिल्या दिवशीच पैसे हातात पडतील असं धरू नका, मंजुरीला वेळ जातो, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज द्या.