डावा डोळा लवतोय

१९ जानेवारी

आज डोळ्याच्या बोटॉक्स इंजेक्शनची तिसरी खेप. सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून उठलेला नाही, त्यामुळे होम मैदानापाशी रिक्षा दोनदा अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत डावा डोळा सतरा वेळा मिटला. मोजायची सवयच लागलीय.

सुई केसासारखी बारीक. वरच्या पापणीच्या दोन्ही टोकांना, खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला, एक गालाच्या हाडावर. वरच्या पापणीच्या मधोमध मात्र डॉक्टर टोचत नाहीत. पापणी उचलणारा स्नायू तिथं असतो, औषध त्याला लागलं तर डोळाच झाकला जाईल म्हणाले. दुखतं ते मुंगी चावल्यासारखं, पण सुई डोळ्यासमोर आली की पोटात गोळा येतोच. ओठाजवळ या वेळी कमी द्या म्हटलं. दिवाळीच्या आधी दिलं तेव्हा पंधरा दिवस चूळ भरली की पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायचं.

घरी आल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. म्हणून बसून हे लिहितेय.

बाईचा डावा डोळा लवला की शुभ. आत्याबाईंनी सुरुवातीला तेच सांगितलं, "चांगलंच हाय की गं, काहीतरी येणार." आलं काय, तर आधी नुसती पापणी फडफडायची, वर्षभरात गाल ओढायला लागला, मग ओठाचा कोपराही वर. तीन वर्षं शुभच शुभ! एकाने अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या, एकाने दाढ काढली. दाढ चांगली होती, अजून राग येतो.

शेवटी ह्यांच्या लक्षात आलं. रात्री लाइट लावला तर मी गाढ झोपेत आणि गाल उडतोय. टेन्शन घेऊ नको म्हणून सांगणारे तेच, पण त्या रात्रीनंतर गप्प झाले. झोपेत कसलं टेन्शन? एमआरआय काढला. मेंदूतून चेहऱ्याची नस निघते तिथंच एक रक्तवाहिनी तिला टेकलीय, आणि तिच्या दाबाने नस भलतेच हुकूम सोडते. ऑपरेशन आहे. कानामागून कवटी उघडून दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा ठेवतात. त्याने कायमचं बरं होऊ शकतं, पण त्या कानाने ऐकू न येण्याचा धोका थोडा का होईना असतो. मी इंजेक्शन घेतलं. भित्री म्हणा.

२२ जानेवारी

सकाळी चहा गाळताना जाणवलं, डोळा गप्प आहे. तिसरा दिवस, दर वेळी असंच.

शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. "बोटॉक्स घेतलं म्हणे? आता काय सिनेमात जाताय!" मीही सोडलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलन स्कॉट नावाचे डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय उपाय शोधत होते, त्यातून हे औषध आलं. अमेरिकेत १९८९ साली मंजुरी मिळाली ती तिरळेपणाला आणि माझ्यासारख्या पापण्यांना. सुरकुत्यांचा नंबर २००२ मध्ये लागला. मूळ ते विषच. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. विष म्हटल्यावर वहिनींनी माझ्या गालाकडे असं बघितलं, की तो त्यांना चावेल.

३१ जानेवारी

हळदीकुंकवाला फोटो काढला. एरवी मी डावीकडच्या टोकाला भिंतीला गाल लावून उभी राहते, आज मधे उभी होते. फोटोत डावा गाल जरा थंड दिसतो, हसू उजवीकडेच जास्त. तरी दोन्ही डोळे उघडे आहेत. पाच वर्षांतला असा माझा पहिला फोटो. मागच्या दोन खेपांना औषध चढलेलं असताना फोटो काढायचं सुचलंच नव्हतं.

दुपारी मशीनवर बसले. एका गोष्टीचं हसू आलं. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटावा लागतो, आणि एवढी वर्षं ते काम डाव्याने आपणहून केलं होतं. गिऱ्हाइकासमोर माप घेताना लाज, पण दोरा ओवताना सोय. आज तो मिटेचना. मिटायला गेले तर खाली पांढरी फट राहते, वारा लागून पाणी येतं. दिवसातून चारदा थेंब घालतेय. शेवटी डाव्या हाताचं बोट पापणीवर ठेवलं, दोरा तोंडात ओला केला आणि एका हाताने ओवला. तिसऱ्या प्रयत्नात गेला.

औषध साधारण तीन महिने टिकतं. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर परत फडफड सुरू, आणि ब्लाउजची लग्नसराई ऐन तेव्हाच. दवाखान्यात फोन करून १३ तारीख मागितली, १७ मिळाली. चुडे बाईंच्या मुलीचे सात ब्लाउज त्याआधी उरकायला हवेत, माप उद्याच घेते.