जैसलमेर: संध्याकाळची गर्दी सोडा, सकाळची वाळू पाहा

ठाणे-नवी मुंबईहून जैसलमेरला जाणारे बहुतेक जण वाळूसाठी एकच संध्याकाळ ठेवतात. चारला सम गावच्या वाळूत पोचायचं, उंटावर बसायचं, सूर्यास्ताचे फोटो, मग तंबूत जेवण आणि नाचगाणं. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. त्यात वाळू बघायची राहूनच जाते, कारण त्या वेळी धोऱ्यावर माणसं, उंट आणि जीपच्या चाकोऱ्यांशिवाय काही उरत नाही. (वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात.) म्हणून सांगणं एवढंच, की मुक्काम धोऱ्यांजवळ करा आणि पहाटे उठा. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाला निघालात तरी चालतं. कॅम्पपासून निदान अर्धा किलोमीटर आत जा.

उन्हं तिरपी असताना वाळूवरची प्रत्येक खूण सावलीमुळे उठून दिसते. काळ्या भुंगेऱ्याची माग काढता येईल अशी दुहेरी टाक्यांची ओळ, उंदराची उडी मारत गेलेली पावलं, मध्येच कोल्ह्याची सरळ रेघ. पुढे ऊन वर चढू लागतं आणि हे सगळं पुसल्यासारखं होतं. धोऱ्याच्या दोन बाजूही नीट बघा. वारा येतो ती बाजू लांब, उतरती आणि चालायला घट्ट असते. पलीकडची बाजू एकदम उभी, साधारण ३२ ते ३४ अंशांची. कोरडी वाळू याहून उभी राहूच शकत नाही, घसरते. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने. उभ्या बाजूने चढलात तर एक पाऊल पुढे, अर्धं मागे, आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. चांगला पावसाळा झाला असेल तर हाताने वीतभर उकरा, खाली ओल लागते. वरचा सुका थरच खालचं पाणी उडू देत नाही. फोगाची झुडपं आणि खेजडीची झाडं त्याच ओलीवर तगतात. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी. केर नावाच्या झुडपाच्या फळांबरोबर केलेली तिची केर-सांगरीची भाजी जेवणात नक्की मागा.

सम हे जैसलमेर शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर पश्चिमेला, तर खुडी हे धोऱ्यांचं दुसरं गाव जवळपास तेवढ्याच अंतरावर नैर्ऋत्येला. समचे धोरे मोठे, पण गर्दी आणि आवाजही मोठा. लहान मुलं बरोबर असतील आणि शांतता हवी असेल तर खुडी बरं.

थंडीचा अंदाज हमखास चुकतो. ठाण्यातला पातळ स्वेटर तिथल्या रात्रीला पुरत नाही. दुपारी पंचवीस अंश असलं तरी वाळू सूर्य मावळताच झपाट्याने थंड होते आणि पहाटे पारा एक आकडी होतो. जाड जॅकेट, कानटोपी, दोन जोड मोजे घ्या. उघड्या सँडलपेक्षा घोट्यापर्यंतचे बूट बरे. कॅमेऱ्याची लेन्स धोऱ्यावर बदलू नका, बारीक वाळू आत गेली की झूम करकरतो. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा, चार्जिंगच्या भोकात वाळू बसते.

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे तुम्ही पुढे फेकले जाता. त्या क्षणी मागे रेला, मग तो पुढचे पाय सरळ करतो तेव्हा पुढे वाका. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हा पुन्हा मागे रेला. सगळ्यात जास्त लोक पडतात ते उतरताना, कारण ‘झालं’ समजून हात सोडलेला असतो. स्वतःची गाडी असेल तर डांबर सोडू नका. अडकलीच तर अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी रुततं. चाकांपुढची वाळू हाताने काढा आणि टायरमधली हवा थोडी कमी करा. डांबरावर परतल्यावर ती पुन्हा भरून घ्या.

परतीच्या वाटेवर कुलधरा लागतं, शहरापासून साधारण १८ किलोमीटर. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. गाइड भुताच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यापेक्षा पालीवालांचं पाणी समजून घ्या. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात (ठाण्यात जुलैच्या दोन-तीन दिवसांत तेवढा कोसळतो) ही माणसं गहू-हरभरा पिकवत. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा, खडकाळ माळावरून वाहून आलेलं पाणी तिथे अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. याला खडीन म्हणतात आणि ती पद्धत आजही तिकडे वापरात आहे. गाव सोडण्यामागे दिवाण सालिम सिंहाच्या जुलमाची कथा सांगतात, तर काही अभ्यासक पाणी आटल्याचं कारण देतात. वाळू आणि इतिहास इथे एकाच गोष्टीत बांधलेले दिसतात, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी. गडीसर तलावही त्याच नजरेने बघा. हे शहराचं पिण्याचं पाणी होतं.

लोद्रव्याची जैन मंदिरं आणि बडा बागेतल्या राजघराण्याच्या स्मारक-छत्र्या दुपारी उरकता येतात. किल्ल्याला मात्र वेगळी सकाळ द्या, कारण आतली जैन मंदिरं पर्यटकांना सकाळीच नीट बघता येतात. मंदिरात चामडं चालत नाही, म्हणून चामड्याचा पट्टा-पाकीट खोलीवर ठेवा. ११५६ साली रावल जैसल यांनी वसवलेला हा किल्ला २०१३पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आत आजही वस्ती आहे. तेच त्याचं दुखणंही. पूर्वी आत पाणी डोक्यावरून येई, म्हणजे बेताचंच. आता नळ आले, न्हाणीघरं वाढली, गळकी गटारं खालच्या मऊ थरात मुरतात आणि भिंती खचतात. काही बुरूज ढासळलेही आहेत. म्हणून आतल्या हॉटेलात राहू नका. खाली शहरात राहा, किल्ला पायी चढा.

जायला वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी एक्सप्रेस बरी. ठाणेकरांनी ती बोरिवलीला पकडावी, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकसाठी दोन तास हाताशी ठेवावेत. जोधपूरहून पुढे जैसलमेरपर्यंत सुमारे २८० किलोमीटर रस्ता आहे, पाच तास धरा. घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका, आधी गॅलरीत खिसे उलटे करून झटका. जीन्सच्या खिशात मूठभर तरी वाळू निघते.